आवाज कुणाचा?

राजकारणातल्या बनावट आवाजांबद्दल आणि चेहऱ्यांबद्दल माझं मत बदललं आहे. ते का बदललं हे सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं, कारण जुनं मत मी नुसतं बाळगलं नव्हतं, लोकांना शिकवलं होतं. महाविद्यालयांत, महिला बचतगटांच्या बैठकांत, गावोगावच्या वाचनालयांत ‘खोटा व्हिडिओ कसा ओळखावा’ या विषयावर मी कार्यशाळा घेते. तिथे मी जे सांगत असे, त्याचा गाभा सोपा होता. समोर दिसतंय ते खरं की खोटं एवढं कळलं, की नागरिक म्हणून आपलं काम झालं. फसवणूक हाच दोष. जिथे कुणी फसत नाही, तिथे तक्रारीला जागा नाही.

या मताला आधार होता. २०१८ साली अमेरिकेतल्या ऑल्बनी इथल्या विद्यापीठातले संशोधक सिवेई ल्यू यांच्या गटाने दाखवून दिलं, की त्या काळच्या बनावट चेहऱ्यांच्या पापण्या पुरेशा लवत नाहीत. यंत्राला शिकवण्यासाठी जी छायाचित्रं दिली जात, त्यांत डोळे मिटलेली छायाचित्रं फारशी नसत. त्यामुळे यंत्राला डोळे मिटणं नीट ठाऊकच नव्हतं. मी हे मोठ्या उत्साहाने शिकवलं. बनवणाऱ्यांनी तेवढी उणीव लवकरच भरून काढली. मग मी दात बघायला सांगितले, कानातलं बघायला सांगितलं, ओठांची हालचाल आणि उच्चार जुळतात का ते बघायला सांगितलं. एकेक खूण निकामी होत गेली, तरी चौकट मला योग्यच वाटत राहिली.

आपल्याकडे ही चौकट पहिल्यांदा नीट बसली ती फेब्रुवारी २०२० मध्ये. दिल्ली विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी भाजपचे नेते मनोज तिवारी यांचे दोन व्हिडिओ फिरले. एकात ते इंग्रजीत बोलत होते, दुसऱ्यात हरियाणवीत. मूळ चित्रीकरण हिंदीतलं होतं. हरियाणवी आवाज नक्कल करणाऱ्या कलाकाराचा होता आणि तिवारींचे ओठ संगणकाने त्या आवाजाला जुळवून घेतले होते. सुमारे ५८०० व्हॉट्सॲप गटांत ते पोचल्याचं तेव्हा पक्षाच्याच लोकांनी सांगितलं होतं. दिल्लीतल्या हरियाणवी मतदाराला वाटावं, की हा माणूस आपल्या बोलीतला आहे. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मतदारांना फोन गेले. फोनवर जो बायडन यांचा आवाज होता आणि तो त्यांना प्राथमिक निवडणुकीत मत देऊ नका असं सांगत होता. अशी उदाहरणं हाताशी असली, की खरं-खोटं करण्यापलीकडे काही करायचं असतं हे सुचतच नाही. त्यामुळे मी शिक्क्याची कट्टर समर्थक झाले. प्रत्येक कृत्रिम चित्रफितीवर ‘हे कृत्रिम आहे’ असं ठळक लिहा, मग काय हवं ते करा, असं माझं म्हणणं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना सूचना दिली, की कृत्रिम दृश्यावर किमान दहा टक्के जागा व्यापणारी सूचना हवी आणि ध्वनिफितीच्या सुरुवातीच्या दहा टक्के वेळात ती ऐकू आली पाहिजे. मी जे मागत होते, जवळपास तेच हे होतं. पण तोवर माझं समाधान हरवलेलं होतं.

ते हरवलं नाशिकच्या भाषणामुळे.

१६ एप्रिल २०२५ रोजी नाशिकमध्ये उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचं निर्धार शिबिर झालं. तिथे बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजात भाषण ऐकवण्यात आलं. बाळासाहेबांचं निधन १७ नोव्हेंबर २०१२ रोजी झालं. या भाषणात मात्र २०२२ च्या फुटीनंतरचं राजकारण होतं, पक्ष सोडून गेलेल्यांवर आणि भाजपवर टीका होती. हा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला आहे हे पक्षाने लपवलं नाही. समोर बसलेला कुणीही साहेब परत आले असं समजला नसणार. माझ्या निकषाप्रमाणे प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं.

काही काळाने एका बचतगटाच्या बैठकीत मी त्या भाषणाचा थोडा भाग ऐकवला. ‘इथे फसवणूक नाही, म्हणून आक्षेप नाही’ या सदरातलं उदाहरण म्हणून ऐकवला. साठी ओलांडलेल्या एक बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांच्या सासऱ्यांपासून घरात शाखेचं काम होतं. ऐकता ऐकता त्यांनी पदराने डोळे टिपले. संपल्यावर म्हणाल्या, “ताई, हे खोटं आहे हे कळतंय मला. तरी अंगावर काटा आला. पण साहेब खरंच असं बोलले असते का, ते आता विचारायचं कुणाला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या बाई फसल्या नव्हत्या. त्यांना खरं-खोटं कळत होतं, माझ्या कार्यशाळेची त्यांना गरजच नव्हती. तरीही त्यांच्यावर काहीतरी झालं होतं, आणि जे झालं त्याला माझ्या चौकटीत नावच नव्हतं.

आवाज बुद्धीशी बोलण्याआधी शरीराशी बोलतो. शिवाजी पार्कवरच्या दसरा मेळाव्यात ज्यांनी बाळासाहेबांना ऐकलं, त्यांना भाषणातले मुद्दे आठवतीलच असं नाही. त्यांना आठवतात ते थांबे. वाक्य अर्ध्यावर सोडून समोर बघणं, गर्दीतून उठणारी आरोळी, मग खालच्या पट्टीत आलेलं पुढचं वाक्य. ऐकणाऱ्याच्या श्वासात हे मुरलेलं असतं. असा आवाज पुन्हा कानावर पडला, की काटा आधी येतो आणि ‘हे यंत्राचं आहे’ हा विचार मागून. शिक्का मागून येणाऱ्या त्या विचाराला उद्देशून लिहिलेला असतो. जे आधी होऊन गेलेलं असतं, त्याच्यापर्यंत तो पोचत नाही.

मी घरी येऊन २०१२ च्या दसरा मेळाव्याची चित्रफीत पुन्हा पाहिली. त्या वर्षी बाळासाहेब व्यासपीठावर येऊ शकले नव्हते. त्यांचं आधी चित्रित केलेलं भाषण मैदानातल्या पडद्यावर दाखवण्यात आलं. आपण शरीराने पार कोसळलो आहोत, चालवत नाही, असं ते त्यात सांगतात. धाप लागते, आवाज बसतो, वाक्यं तुटतात. उद्धवला आणि आदित्यला सांभाळा असं शिवसैनिकांना सांगतात. महिन्याभरातच ते गेले.

तेही पडदा आणि ध्वनिवर्धकातूनच आलं होतं, नाशिकचं भाषणही ध्वनिवर्धकातूनच. दोन्हीकडे माणूस समोर नव्हता. एवढ्यावरून दोन्ही एकाच जातीची म्हणता येतील आणि पूर्वी मी तसं म्हटलंही असतं. पण २०१२ च्या भाषणातला प्रत्येक तुटलेला शब्द एका शरीराने किंमत मोजून काढलेला होता. आयुष्यभर दरारा हीच ज्याची ओळख, त्या माणसाने आपलं थकलेपण लाखो लोकांसमोर ठेवायचं ठरवलं. ते ठरवणारा तो होता. तो नको म्हणू शकला असता. नाशिकच्या आवाजाला धाप लागत नाही. कोणत्या वयातल्या भाषणांचे नमुने यंत्राला द्यायचे, हे बनवणाऱ्याच्या हातात असतं आणि कुणीही थकलेला, खोकणारा आवाज निवडत नाही. म्हणजे ज्या शरीराने शेवटी स्वतः सांगितलं की मी थकलो, त्याच शरीराचा आवाज त्याला न विचारता पुन्हा उभा केला गेला आणि कामाला लावला गेला. ही गोष्ट मला फार टोचली. अजून टोचते.

बाईंच्या प्रश्नाकडे मी परत परत जात राहिले. साहेब खरंच असं बोलले असते का? त्यांच्या राजकीय आयुष्याकडे पाहिलं, तर कुणीही प्रामाणिकपणे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकणार नाही. १९७५ मध्ये त्यांनी आणीबाणीला पाठिंबा दिला. २००७ मध्ये भाजपशी युती असताना राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसच्या उमेदवार प्रतिभा पाटील यांच्या मागे ते मराठी म्हणून उभे राहिले. २०१२ मध्ये पुन्हा युतीची भूमिका बाजूला ठेवून प्रणव मुखर्जींना त्यांनी पाठिंबा दिला. ज्यांना ते पूर्ण ओळखतो असं वाटत होतं, त्यांनाही त्यांनी वेळोवेळी धक्के दिले. त्यांच्या भूमिका मला पटत होत्या की नाही, हा इथे मुद्दाच नाही. जिवंत नेता बदलू शकतो, रागावू शकतो, ऐन वेळी स्वतःच्या मुलाचंही न ऐकता उलटा निर्णय घेऊ शकतो. घडवलेल्या आवाजाला ती शक्यताच नाही. त्याच्या तोंडी जे लिहिलं जाईल, ते तो त्याच रुबाबात म्हणतो. पक्षफुटीनंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला. म्हणजे वारसा कुणाचा हा महाराष्ट्रात न्यायालयापर्यंत गेलेला वाद आहे. त्या वादात ज्याच्या वारशाबद्दल भांडण आहे, त्यालाच एका बाजूचा साक्षीदार म्हणून उभं केलं गेलं. उद्या दुसऱ्या बाजूने तोच आवाज आपल्या बाजूने बोलवला, तर पहिल्या बाजूने कोणत्या तोंडाने हरकत घ्यायची?

हे फक्त आपल्याकडचं नाही. तमिळनाडूत एम. करुणानिधी ऑगस्ट २०१८ मध्ये गेले. जानेवारी २०२४ मध्ये द्रमुकचे नेते टी. आर. बालू यांच्या पुस्तकाच्या प्रकाशनाला ते पडद्यावर आले. तोच काळा चष्मा, खांद्यावर तीच पिवळी शाल. त्यांनी बालूंचं अभिनंदन केलं आणि मुलाच्या, म्हणजे मुख्यमंत्री स्टॅलिन यांच्या नेतृत्वाची स्तुती केली. त्याच महिन्यात इंडोनेशियात गोलकार पक्षाच्या एका नेत्याने २००८ मध्ये मरण पावलेल्या हुकूमशहा सुहार्तोंना व्हिडिओत मतदारांशी बोलायला लावलं. पुन्हा जिवंत केलेला प्रत्येक पूर्वज वारसाचं कौतुक करतो किंवा वारसाच्या कामी येतो. एकानेही येऊन वारसाचे कान उपटलेले नाहीत.

कायद्याकडे पाहिलं, तर तो या बाबतीत जवळजवळ मुका आहे. जिवंत कलाकाराच्या आवाजाला संरक्षण मिळू लागलं आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्याला मनाई केली. मृत माणसाचं काय? सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं, की असे हक्क माणसाबरोबर संपतात. बदनामीच्या कायद्यात मृताची बदनामी हा गुन्हा होऊ शकतो, पण त्यासाठी त्याच्या कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा हेतू असावा लागतो. आवाज कुटुंबानेच वापरला, तर तक्रार कुणी करायची? मृताच्या बाजूने बोलणारं तिथे कुणीच उरत नाही.

फसवणूक नसतानाही राजकारण कसं बिघडतं, हे इंडोनेशियाच्याच निवडणुकीने मला आणखी ठळकपणे दाखवलं. प्रबोवो सुबियांतो हे सुहार्तोंचे एके काळचे जावई आणि लष्करातले माजी अधिकारी. १९९८ मध्ये लोकशाहीवादी कार्यकर्त्यांच्या अपहरणांच्या प्रकरणात त्यांना लष्करातून काढण्यात आलं, खटला मात्र कधी चालला नाही. २०२४ च्या प्रचारात त्यांचं कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेलं व्यंगचित्र देशभर फलकांवर झळकलं. गुबगुबीत गाल, मोठे डोळे, गोड आजोबा. तरुणांच्या बोलीत त्यांना ‘गेमॉय’ म्हणजे गोंडस म्हटलं जाऊ लागलं. ते व्यासपीठावर नाचत आणि फोनवर ते नाच पसरत. चित्र खरं आहे असं कुणीच समजत नव्हतं. त्यावर कितीही मोठा शिक्का मारला असता, तरी काडीचा फरक पडला नसता. १९९८ मध्ये जी मुलं जन्मलीही नव्हती, त्यांच्या डोळ्यांसमोर एक शरीर गेलं आणि दुसरं आलं. पहिल्या शरीराला भूतकाळ होता, त्याला प्रश्न विचारता आले असते. गोंडस आजोबांना कसला जाब विचारणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पहिल्याच फेरीत निवडून आले. त्यांच्या विजयाला इतरही अनेक कारणं होती, त्या चित्रानेच ते जिंकले असं मी म्हणत नाही.

यानंतरचा मुद्दा बाई म्हणून माझ्या फार जवळचा आहे आणि तो मला खरं तर सगळ्यात आधी दिसायला हवा होता. उत्तर आयर्लंडमधल्या राजकारणी कारा हंटर यांचा चेहरा वापरून केलेला अश्लील व्हिडिओ २०२२ च्या विधानसभा निवडणुकीच्या काही आठवडे आधी पसरवला गेला. त्या फक्त १४ मतांनी जिंकल्या. आपल्याकडे पत्रकार राणा अय्यूब यांच्या बाबतीत २०१८ मध्ये हेच झालं. त्यानंतर आपण लिहिताना-बोलताना स्वतःलाच आवरू लागलो, असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. अशा वेळी ‘हा व्हिडिओ बनावट आहे’ असं जाहीर करून काय होतं? जे पाहतात, त्यांतल्या पुष्कळांना ते बनावट आहे हे आधीच माहीत असतं. तरी पाहतात, तरी पुढे पाठवतात. हेतू पटवण्याचा नसतोच. ती बाई भाषणाला उभी राहिली, की समोरच्यांच्या नजरेत ते चित्र तरळावं आणि ते तरळतंय हे तिला कळावं, एवढाच हेतू असतो. ज्या गावात सरपंचपदाला उभं राहणाऱ्या बाईचा फोटोही घरच्यांना विचारून फलकावर लावावा लागतो, तिथे या भीतीचं वजन काय असेल ते मी प्रत्यक्ष पाहते. एका कार्यशाळेत पंचायतीच्या निवडणुकीची तयारी करणारी एक तरुण मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, की मी समाजमाध्यमांवरचे माझे सगळे फोटो काढून टाकलेत, आता प्रचार कसा करू? तिला पापण्या मोजायला शिकवून मी तिचं काय भलं करणार होते?

इथवर आल्यावर एक मोह होतो. सगळंच यंत्र वाईट, माणसाने समोर उभं राहून स्वतःच्या गळ्याने बोलावं, बाकी सगळ्यावर बंदी घाला, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. काही काळ मी तसं म्हणूही लागले होते. जेनिफर वेक्स्टन यांनी मला तिथे थांबू दिलं नाही.

वेक्स्टन अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात व्हर्जिनियातून निवडून आलेल्या सदस्य होत्या. २०२३ मध्ये त्यांना मेंदूचा एक दुर्धर आजार असल्याचं निदान झालं. या आजारात चालणं, तोल सांभाळणं, गिळणं आणि बोलणं हळूहळू जातं. आधी त्या साधं वाचून दाखवणारं उपकरण वापरत. कुणाचाही नसलेला, सपाट, यंत्राचा आवाज. जुलै २०२४ मध्ये त्यांच्या जुन्या भाषणांवरून त्यांचाच आवाज घडवण्यात आला आणि त्या आवाजात त्यांनी सभागृहात भाषण केलं. शब्द त्यांनी लिहिलेले, निर्णय त्यांचा, आणि तो आवाज बोलत असताना ज्या शरीरातून तो एके काळी निघत होता, ते शरीर तिथेच होतं. तंत्र तेच, जे नाशिकला होतं. शिक्क्याच्या हिशोबात दोन्ही सारखी, दोन्हीकडे सगळं उघड. पण एकीकडे आवाज माणसापासून तोडून नेला होता आणि दुसरीकडे आजाराने हिरावलेला आवाज माणसाला परत मिळाला होता. त्या सभागृहातलं भाषण पाहताना मला रडू आलं. माझ्या समोरच्या बाईंच्या रडण्याहून ते वेगळं होतं, कारण वेक्स्टन यांना कुणीही विचारू शकत होतं, की बाई, हे तुमचंच म्हणणं ना? आणि त्या ‘हो’ म्हणू शकत होत्या. ‘नाही’ही म्हणू शकत होत्या.

मधला, खरोखर अवघड प्रसंग इम्रान खान यांचा आहे. ऑगस्ट २०२३ पासून ते तुरुंगात आहेत. त्या डिसेंबरमध्ये त्यांच्या पक्षाने इंटरनेटवर सभा घेतली आणि वकिलांमार्फत बाहेर आलेल्या टिपणांवरून त्यांच्या आवाजात सुमारे चार मिनिटांचं भाषण ऐकवलं. आवाज कृत्रिम असल्याचं सांगितलं होतं. ज्याला बोलू दिलं जात नाही, त्याच्या बाजूने यंत्र बोललं, हे मला अन्यायाविरुद्धचं वाटतं आणि मी त्याच्या बाजूने आहे. तरी टिपणातलं किती आणि पक्षातल्या कुणी वाढवलेलं किती, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. फरक एवढाच, आणि तो माझ्या लेखी मोठा आहे, की तो माणूस जिवंत आहे. बाहेर आल्यावर तो म्हणू शकतो की हे वाक्य माझं नव्हतं.

जिवंत शरीर आणि पडदा यांना मी एकमेकांचे शत्रू मानत होते, तेही आता मानत नाही. १८ ऑक्टोबर २०१९ ची साताऱ्याची सभा महाराष्ट्र विसरलेला नाही. लोकसभेची पोटनिवडणूक, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे शरद पवार, आणि भाषण चालू असताना कोसळणारा पाऊस. ते थांबले नाहीत. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे उच्चार पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, त्यांना ऐकायला कान द्यावा लागतो. त्या रात्री मैदानात होते त्यांच्याहून कितीतरी अधिक लोकांनी ते भिजणं फोनवर पाहिलं. मीही फोनवरच पाहिलं. श्रीनिवास पाटील निवडून आले. त्या छोट्याशा चित्रफितीत तंत्रज्ञानाने एका शरीराला हजारो घरांत नेलं, पण त्या शरीरापासून काही तोडलं नाही. वय, आजारपण, हट्ट, सगळं जसंच्या तसं पोचलं. आज एखाद्याने ते उच्चार यंत्राने ‘स्वच्छ’ करून, पंचविशीतल्या दमाच्या आवाजात तेच भाषण दिलं असतं, तर शब्द अधिक कळले असते आणि भाषणाचा अर्थ गेला असता.

याच कारणाने नरेंद्र मोदींच्या २०१२ च्या गुजरातमधल्या आणि २०१४ च्या देशभरच्या त्रिमितीय सभांवरचा माझा जुना आक्षेपही मी सोडला आहे. त्यांना होलोग्राम म्हटलं जात असे. प्रत्यक्षात ती तिरक्या पारदर्शक पडद्यावर प्रतिमा परावर्तित करण्याची युक्ती होती, १८६२ मध्ये लंडनच्या रंगमंचावर जॉन पेपर यांनी गाजवलेली. मी तिला मतदारांशी केलेला खेळ म्हणत असे. तो खेळ खर्चिक होता, भपकेबाज होता, ते मला आजही आवडत नाही. पण बोलणारा माणूस जिवंत होता, शब्द त्याचे होते, आणि पुढे त्या शब्दांवरून त्याला धरता येत होतं.

आता कार्यशाळेत मी पापण्यांपासून सुरुवात करत नाही. खरं-खोटं ओळखणं शिकवते, त्याची गरज संपलेली नाही, पण ते शेवटी. आधी विचारायला सांगते: हे शरीर कुणाचं? त्याने हे बोलायला होकार दिला होता का? आणि उद्या त्याला हे नाकारायचं असेल, तर त्याला ते नाकारता येईल का? वेक्स्टन यांच्या बाबतीत उत्तरं सरळ मिळतात, इम्रान खान यांच्या बाबतीत अर्धी मिळतात, आणि नाशिकच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाशी सगळं थांबतं. आयोगाच्या सूचनेतही व्यक्तीच्या संमतीचा उल्लेख आहे, पण तो मतदारांच्या दिशाभुलीला जोडलेला आहे. दिशाभूल नसेल, तर संमतीचा प्रश्न तिथे उरत नाही. ती गाठ सोडवली पाहिजे, असं मला वाटतं. संमती स्वतंत्रपणे लागली पाहिजे.

एक गोष्ट मला अजून उमगलेली नाही, ती भाषांतराची. २०२४ च्या लोकसभेआधी पंतप्रधानांची भाषणं कृत्रिम आवाजात मराठीसह अनेक भाषांत ऐकवली जाऊ लागली. संमती तिथे आहे, माणूस जिवंत आहे, नाकारायची सोय आहे. माझे तिन्ही प्रश्न सुटतात. तरी परराज्यातला नेता कागदावर लिहून आणलेली दोन मराठी वाक्यं अडखळत म्हणतो, तेव्हा त्या अडखळण्यात आपल्याकडे एक पाऊल टाकल्याची खूण असते. यंत्राच्या अस्खलित मराठीत ती नसते. यावर बंदी मागावी असं मला वाटत नाही. पण ज्यांना हिंदी समजत नाही, त्यांना ते भाषण कळणं हा त्यांचा हक्क आहे, हेही मी नाकारू शकत नाही. इथे माझं मत अजून बनतं आहे.

मृत नेत्यांच्या बाबतीत मात्र ते बनलं आहे. कार्यशाळांत माझ्यासोबत असणारे एक ज्येष्ठ सहकारी याला विरोध करतात. ते म्हणतात, की पुतळे आपण उभारतोच, जयंतीला जुन्या भाषणांच्या ध्वनिफिती लावतोच, मग हे त्याच्या पुढचं पाऊल समजा. मी त्यांना म्हणते, की ध्वनिफितीत तो माणूस स्वतः जे बोलला तेच असतं, आणि पुतळ्याकडून उद्याच्या मतदानाबद्दल कुणी काही वदवून घेत नाही. जुनं भाषण हवं तितक्या वेळा लावा, २०१२ चं ते धाप लागलेलं भाषणही लावा. नवं वाक्य मात्र एकही नको. पक्षाने नको, मुलाने नको, नातवानेही नको, आणि सोबत कितीही मोठा शिक्का असला तरी नको. अशी मनाई आचारसंहितेत लिहिली जावी, अशी मागणी आम्ही काही जणी मिळून निवडणूक आयोगाकडे पाठवत आहोत. मसुदा तयार आहे. त्या बचतगटातल्या बाईंनी त्यावर पहिली सही केली आहे.